पहिल्या नंबराची गल्ली

साठी उलटली की माणसाचे गुडघे दुखतात, कंबर धरते. आमच्या थोरल्या दाजींचं पोट दुखायचं, आणि तेही धाकट्या दाजींचं काही बरं झालं की. बाकी जगाचं कितीही भलं होवो, त्यांची हरकत नसे. शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली तर ते कौतुकाने तिला प्रदक्षिणा घालून यायचे. पण साडूने साधी छत्री नवी घेतली तरी त्या दिवशी ताटातलं अर्धं तसंच.

मला दोन थोरल्या बहिणी, अक्का आणि ताई. मी शेंडेफळ. अक्काचे यजमान ते थोरले दाजी, ताईचे ते धाकटे. थोरले दाजी शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी शिट्टी किल्ल्यांच्या जुडग्यात होती आणि पाठ फळीसारखी ताठ. धाकट्या दाजींचं गाद्यांचं दुकान. माणूसही तसाच, कुणीही येऊन टेकावं असा. आणि माझं चष्म्याचं दुकान नेमकं दोघांच्या घरांच्या मध्ये, पुलाच्या तोंडाशी. त्यामुळे या घरचा हेवा त्या घरी जाताना आधी माझ्याकडे थांबून चहा घ्यायचा.

थोरल्या दाजींनी आधी फ्रीज घेतला, साडूने नंतर घेतला पण मोठा घेतला. दाजींचे केस गेले, साडूचे राहिले. "केस काय, मेंढ्यालाही असतात," दाजी माझ्या दुकानातल्या आरशात बघत म्हणायचे. सगळ्यात वाईट म्हणजे, धाकट्या दाजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "साडूभाऊ म्हणजे काय शिस्तीचा माणूस!" असं ते मनापासून म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, ज्याच्यावर आपण रात्रंदिवस जळतोय त्याने आपलं कौतुक करावं, याहून मोठा अपमान कोणता?

अशा माणसाला नात झाली.

दाजींची एकुलती एक लेक आणि जावई दूर परदेशात नोकरीला. नात तिकडेच जन्मली. आणि धाकट्या दाजींचे दोन्ही मुलगे लग्नाचं नाव काढायला तयार नाहीत. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा थोरले दाजी पुढे आणि साडू मागे! त्या महिन्यात दाजी माझ्या दुकानात कारण नसताना यायचे, चष्म्याची काच पुसून घ्यायचे आणि निघता निघता विचारायचे, "काय मेव्हणे, तुमचे धाकटे दाजी कधी होणार म्हणे आजोबा?"

खोटं कशाला बोला, नातीवर त्यांचा जीव होता. हेवा बाजूला काढला तरी उरेल एवढा होता. पण हेवा बाजूला काढणार कोण? त्यांचं एकच मागणं होतं. पोर बोलायला लागली की तिने 'आजोबा' म्हणून हाक मारावी ती त्यांना, आणि इथे येईल तेव्हा साऱ्या घरादारादेखत धावत यावं ते त्यांच्याकडे. दीडएक वर्षाने लेक येणार होती. तोवर ओळख व्हायची ती पडद्यावरच. आपल्याकडे दिवेलागण झाली की तिकडे पोरीची अंघोळ आटोपलेली असायची आणि लेकीला कामावर जायला थोडा अवकाश असायचा. तेवढीच काय ती वेळ. अक्का आणि दाजी टॅब्लेट टेबलावर उभा करून समोर खुर्च्या टाकून बसायचे. वर्गाचा फोटो काढायला बसावं तसे.

हे असंच चाललं असतं तर मला ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण एका रविवारी आम्ही सगळे ताईकडे जेवायला गेलो आणि धाकटे दाजी हात धुता धुता सहज बोलले, "अहो साडूभाऊ, आमच्याकडे सरकारने एक डबा ठेवलाय. नेट किती जोरात येतं ते मोजतो."

दाजींचा घास हातातच राहिला.

डबा म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी पांढरी पेटी. सरकारचं एक मापन कार्यालय होतं. साऱ्या देशात नेटचा वेग किती आहे हे कंपन्यांच्या जाहिरातींवरून ठरवण्यापेक्षा लोकांच्या घरात जाऊन मोजावं, असं त्यांनी ठरवलं होतं. गावोगावची थोडी थोडी घरं निवडायची, तिथल्या वायफायच्या यंत्राला हा डबा जोडायचा. तो आपला आपण मोजत बसतो आणि आकडे कार्यालयाला कळवतो. धाकट्या दाजींनी कुठल्याशा पत्रकावर मोबाइल नंबर लिहिला होता आणि विसरून गेले होते. डबा घरी आला तेव्हा त्यांना वाटलं, ताईने काहीतरी मागवलंय.

"साऱ्या देशातून निवडलं म्हणे," ताई म्हणाली. वाईट हेतू नव्हता तिचा. पण तेवढ्यावर दाजींचं जेवण संपलं.

दुसऱ्या दिवसापासून ते त्या कार्यालयाच्या मागे लागले. अर्ज केला, फोन केले, प्रत्यक्ष जाऊन आले. "पुलापलीकडे डबा आणि अलीकडे नाही, हा कुठला न्याय?" कार्यालयालाही स्वतःहून घर देणारी माणसं हवीच होती. शेवटी एक तंत्रज्ञ डबा घेऊन आला. दाजींनी त्यासाठी शोकेसमधली शाळेची ढाल काढून जागा केली. मी ढाल धरून उभा होतो, म्हणून पुढचं संभाषण माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"काका, घरात कुणी नेट वापरत नसेल तेव्हाच हा वेग मोजतो," तंत्रज्ञ म्हणाला. "वापर चालू असला तर थांबतो."

"म्हणजे मैदान मोकळं लागतं त्याला."

"हो. मग सगळ्या घरांचे आकडे कार्यालयात उंचीनुसार रांगेत उभे केल्यासारखे मांडतात आणि बरोबर मधला उचलतात. तो त्या भागाचा वेग. असंच पुढे शहराचा, देशाचा."

उंचीनुसार रांग म्हटल्यावर दाजी खूश. हे शास्त्र त्यांच्या ओळखीचं होतं. तंत्रज्ञ पुढे बरंच बोलला. डबा वेगाबरोबर घर नेट किती ओढतं तेही टिपतो, येणारा वेग वेगळा, आपल्याकडून जाणारा वेगळा. पण दाजी तोवर मनातल्या मनात रांगेच्या टोकाला जाऊन उभे होते.

पहिला अहवाल आला. कार्यालयाच्या नकाशावर प्रत्येक भागाला रंग असायचा. वेग चांगला तर हिरवा, मध्यम तर पिवळा, रडका तर लाल. दाजींची मैदानामागची गल्ली पिवळी. साडूची कॉलनीही पिवळीच, पण तिचा आकडा तसूभर जास्त. तसूभर! दाजी अहवालाचा कागद घेऊन दुकानात आले आणि माझ्याकडून भिंग मागून तो आकडा पुन्हा बघितला. भिंगाखाली तो आणखी मोठा दिसला, त्याला मी काय करणार?

घोडं कुठे अडलंय ते त्यांनी शोधून काढलं. दिवसभर गल्लीचा वेग छान असायचा. दिवेलागणीनंतर सगळे घरी येऊन एकदम नेट लावायचे, साऱ्या गल्लीत तार एकच, आणि आकडा कोसळायचा. मग दाजींनी कवायतीच्या मास्तराला सुचेल तेच केलं. गल्लीची सभा घेतली.

अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. शिकवणीच्या बाई, शिंपी, बँकेतला रोखपाल, सगळे कधी ना कधी त्यांच्या शिट्टीवर धावलेले. दाजींनी समजावलं, "शहरात नवी केबल येणार आहे. सांगा बरं, कुणाला मिळेल? पहिला येणाऱ्याला की नापास होणाऱ्याला? आपली गल्ली पहिली आली की कंपनी धावत येईल. थोडे दिवस संध्याकाळी नेट बंद ठेवा. नंतर आयुष्यभर वापरा."

आता बक्षीस पहिल्या नंबराला मिळतं हे कुणाला पटणार नाही? आम्हा सगळ्यांना लहानपणापासून तेच शिकवलेलं. शिकवणीच्या बाईंनी मुलांना दुपारी बोलावायला सुरुवात केली. शिंप्याची बायको मालिका दुसऱ्या दिवशी बघू लागली. रोखपाल म्हणाला, "मास्तर, घरात बायकोशी बोलायची वेळ आलीय हो," पण तोही बंद ठेवू लागला. संध्याकाळी दाजी गल्लीतून फेरी मारायचे. कुणाच्या खिडकीत मोबाइलच्या पडद्याचा उजेड दिसला की नुसतं खाकरायचे.

आणि दिवेलागणीची वेळ म्हणजे नातीची वेळ!

अक्काने पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "अहो, पोरीला बघायचं कधी मग?"

"रविवारी सकाळी."

"आपल्या सकाळी ती झोपलेली असते तिकडे."

"मग झोपलेली बघू. केबल येऊ दे, मग रात्रभर बोल."

अक्का आयुष्यात फार कमी वेळा चिडली आहे. ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "मी ताईकडे जाते. तिथून बोलेन."

मी तिथेच होतो. मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण दाजींच्या चेहऱ्यावर एकदम उजाडलं. "जा," ते म्हणाले. "अगदी रोज जा. तासभर बोल. ताईलाही बोलू दे, सगळ्या कॉलनीला बोलू दे." अक्का गेल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मेव्हणे, त्यांची लाइन अशी वापरू द्यायची की आकडा पार तळाला गेला पाहिजे!"

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात हे मी ऐकून होतो. इथे माणूस नाक ताटात घालून साडूच्या घरी पोचवत होता, तेही बायकोच्या हाती. मी तसं बोललो. त्यांनी माझ्याकडे, उंच उडीत पडलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

मग अक्का रोज पूल ओलांडू लागली. दुकान बंद करून मीही कधी कधी तिच्याबरोबर जायचो. ताईकडे काही नियम नव्हता. धाकटे दाजी जमिनीवर गादी टाकून पालथे पडायचे, टॅब्लेट उशीला टेकवायचा. त्यांना मुलांशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून ते बोलायचेच नाहीत. गाल फुगवायचे आणि बोटाने फोडायचे. पुक्! पोर खळखळून हसायची. पुन्हा पुक्, पुन्हा हसू. या एका विनोदावर त्या माणसाने महिने काढले. कधी चित्र अडायचं, कारण कॉलनीतली सगळी पोरंटोरं त्याच वेळी नेटवर असायची. मग हे पुन्हा लावायचे. कंटाळा म्हणून नाही.

तिला उभं राहता आलं ते आम्ही तिथे बघितलं. पहिलं पाऊलही तिथेच बघितलं. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, ताईच्याही. मला मात्र धाकट्या दाजींचा हेवा वाटला. स्पष्ट सांगतो, चांगलाच वाटला. मीही तिचा मामाआजोबा होतो, मीही गाल फुगवून बघितले होते. पण माझ्या पुक्ला ती हसत नसे. त्या दिवशी मला कळलं की थोरल्या दाजींच्या पोटात नेमकं कुठे दुखतं.

मी जाऊन त्यांना सांगितलं, "दाजी, पोर चालायला लागली."

"अरे वा," ते म्हणाले, आणि क्षणभर त्यांचा चेहरा उघडाच पडला. मग विचारलं, "त्यांनी बघितलं?"

"हो. सगळ्यांनी."

ते शोकेसमधल्या डब्याकडे बघून म्हणाले, "चालू दे. इथे येईल तेव्हा धावत येईल."

अहवाल आला. मैदानामागची गल्ली हिरवीगार, अख्ख्या शहरात पहिली! पुलापलीकडची कॉलनी लालभडक. दाजींनी गल्लीला चहा-बिस्किटं दिली. माझ्या दुकानात येऊन आरशात बघून घेतलं आणि पहिल्यांदाच केसांबद्दल काही बोलले नाहीत. धाकटे दाजी पूल ओलांडून खास अभिनंदन करायला आले. "आमचं लाल झालं हो, साडूभाऊ. तुमची शिस्तच वेगळी." तो दाजींच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस असावा.

मग पुलापलीकडे खोदकाम सुरू झालं.

केबलची रिळं आली, कामगार आले, कॉलनीचे रस्ते उकरले गेले. मैदानामागे कुणी फिरकलंसुद्धा नाही. दाजी थोडे दिवस म्हणत राहिले, "तिकडून सुरुवात केली असेल." मग त्यांनाच राहवेना. मला बरोबर घेऊन मापन कार्यालयात गेले. तिथे एक अभियंता बाई होत्या, दाजींच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पडद्यावर आमची गल्ली काढली आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुमचा वेग फार छान आहे, काका."

"मग केबल लाल कॉलनीला कशी?"

"केबल आधी कुठे घालायची ते कंपनीला सुचवताना आम्ही नुसता वेग बघत नाही. गर्दीच्या वेळी लोक नेट किती ओढतात तेही बघतो. त्याला मागणी म्हणतो आम्ही. त्या कॉलनीत सगळे खूप ओढतात आणि तार अपुरी पडते. तुमच्याकडे संध्याकाळी..." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे रेष जमिनीला टेकलेली होती. "तुमच्याकडे संध्याकाळी कुणी वापरतच नाही. मागणीच नाही हो, काका."

"मागणी आहे!" दाजी ओरडले. "आम्ही बंद ठेवलं होतं!"

"का?"

साऱ्या आयुष्यात दाजींनी कुणाला 'का' असं विचारू दिलं नव्हतं. बाईंनी समजुतीने सांगितलं, "पुढच्या टप्प्यात बघू. वापर वाढला की आपोआप दिसेल." त्या टप्प्याला अजून वर्ष तरी होतं. लेक त्याच्या आधी येणार होती.

बाहेर पायरीवर दाजी थांबले. मला वाटलं, आता अक्काबद्दल, नातीबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "नापास होऊन बक्षीस घेतलं त्याने."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

गल्लीने दाजींना शब्दाने दुखावलं नाही. शिकवणीच्या बाई आधीसारखं नमस्कार करायच्या. पण त्या संध्याकाळपासून प्रत्येक घरात नेट असं सुरू झालं की महिन्यांचा उपास सुटावा. आणि नेमकं आता दाजींनी ठरवलं की रोज संध्याकाळी नातीशी आपण बोलायचं. आपल्या घरातून, आपल्या लाइनवर, एकट्याने.

"चला ना माझ्याबरोबर," अक्का म्हणायची. "नवीन केबल आलीय तिकडे. पोर अगदी समोर बसल्यासारखी दिसते."

"मला त्यांच्या उपकाराची गरज नाही."

धाकटे दाजीसुद्धा बोलवायला आले. गादी मोठी आहे म्हणाले, दोघं मावू. दाजींनी त्यांना पाणी विचारलं आणि विषय बदलला. मग ठरलं असं की लेक आधी इकडे थोडं बोलायची आणि मग तिकडे लावायची. इकडचा वेळ दाजींचा.

मी एकदा बसलो होतो त्यांच्यापाशी. पडद्यावर पोर चक्क नीट दिसत होती. थोडी पुसट, पण हलत होती, पाय आपटत होती. दाजींनी तिच्यासाठी खास कार्यक्रम बसवला होता. उभे राहून डावा-उजवा करायचे, गिरकी घ्यायचे, सलाम ठोकायचे, शिट्टी ओठात धरून डोळे फिरवायचे. या वयात, त्या गुडघ्यांनी! मला हसूही येत होतं आणि बघवतही नव्हतं. पोर पडद्याच्या जवळ येऊन एकटक बघत होती. हसत नव्हती.

"बघा," दाजी धापा टाकत मला म्हणाले. "कशी टक लावून बघते माझ्याकडे. तिकडे नुसती खिदळते म्हणे. इथे मान ठेवते माझा. पोरांना कळतं, मास्तर कोण आणि जोकर कोण."

"बाबा, मस्त!" तिकडून लेक म्हणाली. आवाज तुटत होता. "आता ठेवते हं."

लेक आली त्या दिवशी सगळे अक्काच्या घरी जमलो. दाजींनी दाढी दोनदा केली होती. दारातून आत आल्यावर नात आईच्या पायाला चिकटली आणि इतके चेहरे बघून बावरली. दाजी खोलीच्या मध्यभागी गुडघ्यावर बसले, दोन्ही हात पसरले. "ये," ते म्हणाले. "ये माझ्याकडे."

तिने त्यांच्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या बघण्यात. भीतीही नव्हती. रस्त्यावरच्या कुणाही म्हाताऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या धाकट्या दाजींवर गेली. ती किंचाळली, "पुक्!" आणि दाजींच्या पसरलेल्या हाताला वळसा घालून तिकडे धावली.

धाकटे दाजी बिचारे कानकोंडे झाले. तिला उचलून म्हणाले, "अगं, मी नाही, ते बघ, ते तुझे आजोबा." पोरीला पटलं नाही. वातावरण हलकं करावं म्हणून ताईने विचारलं, "बरं, सांग बरं बाळा, पुक् कसं करतात?" तिने गाल फुगवून फोडले. सगळे हसले. "आजी कशी करते?" तिने पदर डोळ्याला लावल्यासारखं केलं. पुन्हा हसू. "आणि आजोबा कसे करतात?"

पोर खाली उतरली. खोलीच्या मध्ये नीट उभी राहिली. तोंड अर्धवट उघडलं, एक हात अर्ध्यावर उचलला, डोळे एका जागी लावले आणि थांबली. पापणीसुद्धा हलू दिली नाही. आम्ही वाट बघत राहिलो, आता काहीतरी करेल म्हणून. ती तशीच.

"म्हणजे काय गं?" ताई हसत म्हणाली.

लेक खाली बघत होती. "तिकडे बाबांचं चित्र अडकायचं," ती हळू म्हणाली. "सुरू झालं की लगेच. इथून जाणारं नेट फार कमी होतं. त्यांना आम्ही दिसायचो, पण आम्हाला ते... मी सांगितलं नाही. एवढे हौसेने यायचे."

"रोज?" दाजींनी विचारलं.

लेकीने मान डोलावली.

धाकट्या दाजींनी तोंड फिरवलं. दाजी अजून गुडघ्यावरच होते. मला वाटलं उठतील, आत जातील, दार लावून घेतील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी पोरीकडे नीट बघून घेतलं, कवायतीत समोरच्याकडे बघून घ्यावं तसं. मग तोंड अर्धवट उघडलं, एक हात अर्ध्यावर उचलला, डोळे एका जागी लावले आणि थांबले.

पोर चमकली. दोन पावलं जवळ आली. त्यांच्या चेहऱ्याला चेहरा लावून टक लावून बघितलं, आणि तिचं तोंड फुललं.

"आजोबा!" ती म्हणाली.

तिने थोडी वाट बघितली, रोजच्यासारखी. मग रोजच्यासारखाच हात हलवून त्यांना टाटा केला आणि वळून धाकट्या दाजींच्या मांडीवर जाऊन बसली.

दाजी तसेच राहिले, हात अर्ध्यावर, तोंड अर्धवट. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं, तरी ते पुसेनात. अक्काने खांद्याला हात लावला, मी उठवायला वाकलो, पण ते हलायला तयार नव्हते. हलले असते तर पोरीने त्यांना ओळखलं नसतं.